निगेटिव्ह, पण किती वाजता?

हृदयविकाराच्या झटक्यासाठी रक्त तपासायचं ट्रोपोनिनचं कार्ड दिसायला गरोदरपणाच्या चाचणीच्या कार्डासारखंच असतं. चंदेरी पाकीट फाडायचं, ओल शोषणारी पुडी बाजूला टाकायची, खळग्यात ड्रॉपरने रक्ताचे दोन-तीन थेंब सोडायचे, वर बफरचा थेंब. लाल ओघळ पट्टीतून हळूहळू पुढे सरकतो. ‘सी’समोर रेघ उमटली की कार्ड ठीक आहे. ‘टी’समोरही उमटली की हृदयाच्या स्नायूला मार बसला आहे. पंधरा मिनिटांचा खेळ. तेवढ्यात बाहेरच्या बाकावरचे नातेवाईक तीनदा दार ढकलून बघून जातात.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. चार वर्षांपूर्वी जानेवारीत रात्री पावणेदहाला डाळिंबाचे एक आडतदार आले. वय बावन्न, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. साडेआठला जेवायला बसले तेव्हा छातीत जळजळ सुरू झाली, मग घाम फुटला. डॉक्टरांनी पट्टी काढली होती, म्हणजे ईसीजी. त्यात काही नव्हतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘ट्रॉप-आय, तातडीने’, म्हणजे ट्रोपोनिनचा आय हा प्रकार. मी कार्ड लावलं. एकच रेघ आली. पाच मिनिटं जास्त थांबलो, तरी एकच. रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ लिहून सही केली. मुलाने तिथूनच फोनवर घरी सांगितलं, “काही नाही, गॅस आहे.” अण्णा जिरा सोडा पिऊन झोपले.

पहाटे साडेचारला कळ आली ती डाव्या हातापर्यंत. सोलापूरला पोचेपर्यंत साडेसात वाजले. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलं. आता जिना चढताना दोनदा थांबतात. दर तीन महिन्यांनी माझ्याकडे साखर आणि क्रिएटिनिन तपासायला येतात, माझ्या मुलीचं काय चाललंय विचारतात. त्यांनी किंवा त्यांच्या मुलाने मला कधी बोल लावला नाही. कार्डही खोटं बोललं नव्हतं. रात्री पावणेदहाला त्यांच्या रक्तात कार्डाला दिसेल इतकं ट्रोपोनिन खरोखरच नव्हतं. माझ्या त्या रिपोर्टवर नाव, वय, तारीख, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव, सगळं होतं. दुखायला कधी लागलं आणि रक्त कधी घेतलं, हे कुठेच नव्हतं.

हृदयविकाराच्या झटक्याचं निदान रुग्णाच्या खाटेशेजारी, पंधरा मिनिटांत, थेंबभर रक्तावर करणाऱ्या चाचण्या आता गावोगाव येऊ लागल्या आहेत. त्यांचं स्वागत करणाऱ्यांत मी आहे. माझा धंदाच तो आहे. पण ज्या पद्धतीने त्या येत आहेत ती मला मान्य नाही. दुखणं सुरू झाल्याची आणि रक्त घेतल्याची अशा दोन्ही वेळा लिहिल्याशिवाय दिलेला ट्रोपोनिनचा निकाल रिपोर्ट म्हणून धरूच नये, आणि पुढची सोय नसलेल्या ठिकाणी नुसतं यंत्र नेऊन ठेवलं तर जितकी माणसं वाचतील जवळपास तितकीच निर्धास्त होऊन घरी जातील, असं माझं म्हणणं आहे.

ट्रोपोनिन हे स्नायूच्या धाग्यातलं प्रथिन. जपानच्या सेत्सुरो एबाशींनी १९६०च्या दशकात ते शोधलं, तेव्हा झटक्याच्या निदानाशी त्याचा काही संबंध नव्हता. स्नायू आकुंचन कसा पावतो हा त्यांचा प्रश्न होता. हृदयाच्या स्नायूतलं ट्रोपोनिन इतर स्नायूंतल्या ट्रोपोनिनपेक्षा वेगळं ओळखता येतं हे हाती आल्यावर, १९८०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या हुगो काटुस यांनी त्यावर रक्तचाचणी बसवली. त्याआधी डॉक्टरांकडे रक्तातल्या सीपीके-एमबी वगैरे खुणा होत्या, पण त्या इतर स्नायूंना मार लागला तरी वाढत. २००० साली युरोप आणि अमेरिकेच्या हृदयरोग संघटनांनी झटक्याची व्याख्याच ट्रोपोनिनभोवती नव्याने मांडली.

मेख आहे ती वेळेत. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाल्यावर साधारण वीस-तीस मिनिटांनी पेशी मरू लागतात, मग त्यांतलं ट्रोपोनिन झिरपून रक्तात येतं. साध्या चाचणीला ते दिसायला तीन ते सहा तास लागतात. नंतर मात्र आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त दिवस ते रक्तात टिकतं. म्हणजे परवाचा झटका हे कार्ड नक्की सांगेल, पण आत्ताचा सांगेलच असं नाही. आणि धावत-पळत वेळेवर आलेला माणूस नेमका आत्ताचा असतो. लवकर आल्याची शिक्षा त्याला मिळते.

इथे कार्ड आणि यंत्र यांतला फरक समजून घ्यायला हवा, कारण तोच सगळ्यात जास्त झाकला जातो. मोठ्या रुग्णालयांत आता अतिसंवेदनशील ट्रोपोनिन तपासतात. त्यातल्या ट्रोपोनिन-टीची धोक्याची रेषा आहे लिटरमागे १४ नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. ट्रोप-टीच्या जुन्या कार्डावर डोळ्यांना रेघ दिसायला मात्र सुमारे १०० नॅनोग्रॅम लागतात. या दोन आकड्यांच्या मधे जो माणूस असतो, तो मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात जातो आणि आमच्याकडे घरी. ट्रोपोनिन-आयचे आकडे वेगळे, कंपनीगणिक वेगळे, पण गोष्ट तीच.

त्या अतिसंवेदनशील चाचणीच्या जोरावर युरोपच्या हृदयरोग संघटनेने २०१५ साली असा नियम घातला की आल्या आल्या एक रक्त आणि तासाभराने दुसरं, एवढ्यावर बहुतेकांचा निकाल लावता येतो. अमेरिकेत अशा चाचणीला परवानगी मिळाली ती २०१७च्या जानेवारीत. ‘एका तासात झटक्याचं निदान’ ही गोष्ट आपल्याकडे पोचते ती माहितीपत्रकातून, आणि तिथलं यंत्र व इथलं कार्ड यांतला फरक वाटेतच गळून पडतो. तासाभराने घेतलेलं ते दुसरं रक्तही गळून पडतं. खरं तर सगळी गंमत त्या दुसऱ्या रक्तातच आहे. पहिला आकडा आणि दुसरा आकडा यांत चढ आहे का, हे बघायचं असतं. चढता आकडा म्हणजे आत्ता काहीतरी घडतंय. अडकून बसलेला आकडा म्हणजे बहुधा जुनं दुखणं.

आणि रेघ आली म्हणजे झटकाच, असंही नाही. कार्ड एवढंच सांगतं की हृदयाचा स्नायू दुखावला आहे; का दुखावला ते सांगत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचं ट्रोपोनिन वर्षभर थोडं वरच असतं. फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली, डेंग्यूने हृदयाला सूज आली, रक्तात जंतुसंसर्ग पसरला, तरी ते वाढतं. कोकणातल्या डॉक्टरांना हे वेगळं सांगायला नको. लाल विंचू चावल्यावर हृदयाच्या स्नायूवर काय परिणाम होतो आणि प्राझोसिनने माणूस कसा वाचतो, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवलं. विंचू चावलेल्या दहा वर्षांच्या पोराचं ट्रोपोनिनही वाढलेलं सापडू शकतं. त्याला कोणी रक्त पातळ करायचं इंजेक्शन देणार नाही, कारण विंचू मारून पिशवीत घालून आणलेला असतो. चाळिशीच्या माणसाच्या बाबतीत असा पुरावा पिशवीत येत नाही.

माझा एक मित्र ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. हे सगळं त्याला ऐकवलं तेव्हा तो वैतागला. म्हणाला, “तुझं सगळं बरोबर आहे. पण रात्री दोन वाजता चौदा नातेवाइकांना तू कधी ईसीजी समजावून सांगितलायस का?” त्याचं म्हणणं असं : पट्टीवरच्या वळणांवर लोकांचा विश्वास बसत नाही. ‘इथल्या इथे काय ते बघा ना साहेब’ असा आग्रह असतो, ऐंशी किलोमीटरवर न्यायचं म्हणजे गाडी, पैसे, घरी म्हशी. कार्डावरची लाल रेघ मात्र दाखवता येते. रेघ बघितली की म्हातारी सासूसुद्धा ‘न्या, न्या’ म्हणते. शिवाय उद्या काही वाकडं झालं आणि लोक अंगावर आले तर हातात काहीतरी असतं.

यावर मला उत्तर देता आलं नाही, आजही पूर्ण देता येत नाही. कार्ड हे आपल्याकडे जितकं निदानाचं साधन आहे तितकंच पटवण्याचं आहे, हे मान्य करायला हवं. पण पटवणारी गोष्ट दोन्ही बाजूंनी पटवते. जी रेघ बघून सासू ‘न्या’ म्हणते, ती न दिसल्यावर तीच ‘चला घरी’ म्हणते, आणि मग डॉक्टरने छातीठोकपणे ‘थांबा’ म्हटलं तरी कोणी थांबत नाही. त्या मित्राला मी एवढंच विचारलं की कार्ड आणि ईसीजी यांत आधी काय करतोस. तो म्हणाला, “कार्ड. पंधरा मिनिटं लागतात ना, तोवर ईसीजीवाल्या सिस्टरला बोलावतो.”

हा क्रम उलटा आहे, आणि माझ्या मते चूक त्या मित्राची नाही, तर सिस्टर रात्री घरी असण्याची आहे. छातीत दुखतंय म्हणून कोणी आलं की दहा मिनिटांत ईसीजी, हा जगभरचा नियम. त्या पट्टीत जर एसटी नावाचा भाग वर उचललेला दिसला, तर रक्तवाहिनी पूर्ण बंद आहे असं धरायचं आणि ट्रोपोनिनची वाटच बघायची नाही. कार्डावर रेघ येईपर्यंत थांबणं म्हणजे घर पेटलेलं दिसत असताना धुराची तपासणी करत बसणं. रक्ताची गाठ विरघळवणारं औषध तिथल्या तिथे द्यायचं किंवा दोन तासांच्या आत कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय असलेली जागा, गाठायची. १९८६ साली इटलीतल्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांवरच्या, स्ट्रेप्टोकायनेज या गाठ विरघळवणाऱ्या औषधाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, त्यात पहिल्या तासात औषध मिळालेल्यांचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले होते. तास उलटत जातील तसा फायदा घसरत जातो. बारा तासांनंतर फारसा उरत नाही.

मग कार्डाची खरी जागा कोणती? जिथे ईसीजी गप्प बसतो तिथली. भारतातल्या ८९ रुग्णालयांतल्या वीस हजारांवर रुग्णांची ‘क्रिएट’ ही नोंदणी २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यात सुमारे ६० टक्के रुग्णांच्या ईसीजीत एसटी उचललेला होता. उरलेल्या ४० टक्क्यांसाठी ट्रोपोनिन हा मोठा आधार आहे. अण्णा त्या ४० टक्क्यांतले. त्याच नोंदणीतला दुसरा आकडा मात्र कार्ड विकणारे कधी सांगत नाहीत. दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेला मधला वेळ, म्हणजे निम्म्या रुग्णांना ज्याहून जास्त लागला तो, होता ३६० मिनिटं. रुग्णालयात पोचल्यावर औषध सुरू व्हायला ५०. सहा तास घरात, रस्त्यात, ओव्याच्या चिमटीत, सोड्याच्या बाटलीत आणि ‘सकाळी बघू’मध्ये जातात. आपण पंधरा मिनिटांचं यंत्र आणतो ते त्यानंतरच्या पन्नास मिनिटांसाठी.

नेदरलँड्समध्ये एक चांगला प्रयोग झाला. रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांनी रुग्णाच्या घरीच छोट्या यंत्रावर ट्रोपोनिन तपासलं आणि निकाल ठीक असेल तर त्याला रुग्णालयात न नेता त्याच्या घरच्या डॉक्टरांच्या हवाली केलं. साडेआठशेच्या वर रुग्ण होते. खर्च कमी झाला आणि धोका वाढला नाही. वाचून वाटतं, मग अण्णांचं असं का झालं? कारण त्या प्रयोगात वाटेल त्याला घेतलं नव्हतं. दुखायला लागून किमान दोन तास झालेले हवेत, ईसीजी स्वच्छ हवा, आणि लक्षणं, वय, साखर-रक्तदाब वगैरे धरून काढलेले गुण कमी धोक्याच्या गटातले हवेत. या तीन चाळण्यांतून उरलेल्याच माणसाला एका निगेटिव्हवर घरी ठेवलं गेलं. घामाने डबडबलेले, मधुमेही, सव्वा तासापूर्वी दुखायला लागलेले अण्णा पहिल्याच चाळणीवर अडकले असते. यंत्र आपण आणतो. चाळण्या तिथेच राहतात.

तमिळनाडूने काय केलं तेही बघण्यासारखं आहे. तिथे कॅथलॅब असलेली मोठी रुग्णालयं मध्यभागी आणि आजूबाजूची छोटी रुग्णालयं त्यांना जोडलेली, असे चार गट केले. छोट्या ठिकाणी ईसीजी काढायचा, तो मोठ्या ठिकाणी पाठवायचा, गाठ विरघळवायचं औषध तिथेच द्यायचं, मग रुग्ण पुढे हलवायचा. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले : २,४२० रुग्ण, वर्षभरातला मृत्यूदर १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर. यात नवीन शोध एकही नव्हता. ईसीजी शंभर वर्षं जुना, औषध तीस वर्षं जुनं. नवी होती ती फक्त माणसांची एकमेकांशी लावलेली जोडणी. महाराष्ट्रातही ‘स्टेमी’ (एसटी उचललेला झटका) नावाने असा कार्यक्रम सुरू झाला आहे. १०८च्या गाड्या २०१४ पासून धावतात, सुरुवातीलाच ९३७ होत्या आणि त्यांत डॉक्टर असतो, ही मोठी जमेची बाजू आहे. मला विचाराल तर ट्रोपोनिनचं छोटं यंत्र पहिल्यांदा ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात यावं, आणि ते येईल त्याच दिवशी त्याच कपाटात गाठ विरघळवणाऱ्या टेनेक्टेप्लेजच्या कुप्या याव्यात. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटर. तिथे नुसता ‘पॉझिटिव्ह’ निकाल हातात देणं म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट देणं.

आपल्याकडे खरेदी कशी होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. यंत्राचं उद्घाटन होतं, हार घातला जातो, फोटो निघतो. त्यात घालायच्या कार्ट्रिजचं उद्घाटन होत नसल्याने त्यांची तरतूद कोणी लक्षात ठेवत नाही. वर्षभराने यंत्र प्लॅस्टिकच्या आवरणात आणि कार्ट्रिज मुदत संपलेली. बहुतेक कार्डांच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, दोन ते तीस अंशांत ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात बेचाळीस अंश असतात, चंद्रपुरात त्याहून जास्त. कुरियरच्या टपावर दोन दिवस तापलेलं खोकं माझ्याकडे येतं तेव्हा मी ते परत पाठवतो, पण ते पुढे कोणाकडे जातं हे मला माहीत नाही.

आरोग्य तपासणीच्या पॅकेजांबद्दल फार लिहीत नाही. ‘हृदय तपासणी’च्या नावाखाली ठणठणीत माणसाचं ट्रोपोनिन काढणाऱ्या जाहिराती बघतो. छातीत न दुखणाऱ्याच्या ट्रोपोनिनचा पुढच्या महिन्यात झटका येण्या-न येण्याशी घरच्या घरी उपयोगी पडेल असा काही संबंध लावता येत नाही. ते पैसे त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्यांवर घालवावेत. घरी स्वतःच करायच्या कार्डांना तर माझा ठाम विरोध आहे. छातीत दुखणाऱ्याने पंधरा मिनिटं रेघेकडे बघत बसायचं, आणि ती आली नाही म्हणून आणखी पाच तास. यापेक्षा त्याच्याकडे कार्ड नसणं बरं.

अण्णांच्या प्रसंगानंतर मी माझ्या रिपोर्टचा नमुना बदलला. ट्रोपोनिनच्या निकालाच्या वर आता दोन चौकटी आहेत : ‘दुखणे सुरू झाल्याची वेळ’ आणि ‘रक्त घेतल्याची वेळ’. दोन्हींतलं अंतर सहा तासांहून कमी असेल तर ‘निगेटिव्ह’च्या जागी ‘अद्याप रेघ नाही, पुन्हा तपासा’ असं छापलं जातं आणि दुसऱ्या तपासणीची वेळ लिहिली जाते. दुसऱ्या कार्डाचे पैसे घेत नाही. एक-दोन डॉक्टर सुरुवातीला नाराज झाले, पेशंट गोंधळतो म्हणाले. गोंधळू दे. संगणकात ते वाक्य बसवायला लॅबमधल्या पोराला अर्धा तास लागला. औषध प्रशासनाला किंवा आरोग्य खात्याला हे बंधनकारक करायला त्याहून फार जास्त लागू नये.

अडचण वेगळीच आली, तिचा मी विचार केला नव्हता. गेल्या गळीत हंगामात ऊसतोडीच्या फडावरून एका बाईंना आणलं. पन्नाशीच्या असतील. छातीत दुखत नव्हतंच. पाठीत आणि जबड्यात ओढ, दम लागत होता, दोनदा उलटी. बायकांचं हे पुष्कळदा असंच असतं, आणि म्हणून त्यांचं निदान उशिरा होतं. आमच्या पोराने चौकट भरायला विचारलं, “मावशी, कधीपासून होतंय?” त्या म्हणाल्या, “दुसरी खेप भरली तव्हा.” किती वाजले होते? त्यांना सांगता येईना. मुकादमाला विचारलं, त्याने ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. ट्रॅक्टरवाल्याने कारखान्याच्या वजनकाट्याची पावती काढून बघितली : दुसरी खेप काट्यावर पोचली साडेचारला. फडापासून काटा पाऊण तास. म्हणजे पावणेचारच्या आसपास. मी चौकटीत ‘सुमारे ३.४५’ लिहिलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा झाले होते. एक रेघ आली. बाईंना बाकावर आडवं केलं, ईसीजीची पट्टी तालुक्याच्या डॉक्टरांना मोबाइलवर पाठवली, आणि दुसऱ्या कार्डाच्या पाकिटावर पेनने लिहून ठेवलं : ९.४५. मुकादम म्हणाला, “तवर थांबायचं? ट्रॉली रिकामी उभी हाय.” बाईंनीच त्याला सांगितलं, “तू जा, मी थांबते.”